तारेवरचं मीठ

श्रावणात आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं. बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, आठवडाभरात मिठाची ढेकळं होतात आणि तळाशी ओल दिसते. त्याच भिंतीच्या पलीकडे, ओसरीत, खुंटीला माझी गिटार टांगलेली असते. तिच्या सगळ्यात बारीक दोन तारांवर त्याच दिवसांत तांबूस ठिपके उमटतात. बरीच वर्षं मी या दोन गोष्टी वेगळ्या समजत होतो. पण त्यांचं मूळ एकच आहे.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. वाजवणाऱ्याच्या बोटांना घाम येतो, त्या घामात मीठ असतं, आणि गिटार खाली ठेवली तरी ते मीठ तारेवरच राहतं. वैशाखात आपल्याकडे विदर्भात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा हे मीठ कोरडं पडून असतं आणि तारेचं फारसं काही बिघडवत नाही. मृग बरसला की त्याच मिठाला पाणी सुटतं. तारेवर खारट पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन तर आधीपासूनच हजर असतात, त्यात मिठातला क्लोराइड गंजाचा वेग वाढवतो. म्हणजे गिटार कोणी हातात घेतली नाही तरी तारा गंजतात.

हे सगळं आठवायला कारण झालं एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं. हा मुलगा दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की एका मंडळाच्या साथीला बसतो. तारा तालुक्याला मिळत नाहीत, नागपूरहून मागवाव्या लागतात. तो विचारत होता, "सर, कोटेड सेट मागवू का साधाच जी? कोटेडला दुप्पट-तिप्पट पैसे पडतात." कोटेड म्हणजे वरून संरक्षक थर दिलेल्या तारा. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की महागडा तो चांगला. ते उत्तर मला पटलं नाही, कारण आधी तार कशाने मरते ते पाहायला हवं.

अकूस्टिक गिटारच्या सहा तारांपैकी बारीक दोन नुसत्या पोलादाच्या असतात. त्यांच्यावर बहुधा कथलाचा पातळ मुलामा असतो. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांना जी कल्हई करून घ्यायच्या, तोच हा धातू. उरलेल्या चार जाड तारांच्या आत पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे घट्ट गुंडाळलेले असतात. खर्जासाठी वजन हवं, पण नुसतं जाड पोलाद वापरलं तर तार सळईसारखी ताठ होते आणि बेसूर वाजते. वेढ्यांमुळे वजन वाढतं आणि लवचिकपणाही टिकतो. पाकिटावर '८०/२० ब्राँझ' लिहिलेलं असतं. त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे भंडाऱ्याचा कोणताही कारागीर त्याला सरळ पितळ म्हणेल. ते नवं असताना खणखणीत वाजतं, पण लवकर काळवंडतं. दुसरा प्रकार फॉस्फर ब्राँझ: ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. हे खरं कांसं. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये ते गिटारच्या तारांसाठी आणलं. आवाज थोडा गोलसर, आणि टिकतं जास्त.

जुनी झालेली जाड तार काढून भिंगाखाली धरा. वेढ्यांच्या फटींत काळपट चिकट मळ बसलेला दिसेल: घाम, कातडीची साल, धूळ, तांब्याचा हिरवट गंज. तार मरते ती मुख्यतः या फटींमध्ये. छेडलेली तार एकाच सुरात हलत नाही. सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला ८२ कंपनांचा, पण तीच तार त्याच वेळी दोन, तीन, दहा भागांतही हलत असते आणि त्यातून वरचे बारीक स्वर, म्हणजे उपस्वर, निघतात. गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब असते, तेव्हा दहाव्या उपस्वराला तिला साडेसहा सेंटिमीटरच्या तुकड्यांमध्ये वाकावं लागतं. जितका तुकडा लहान तितकं वाकणं जास्त, आणि फटीतला मळ नेमकं हेच वाकणं गिळून टाकतो. मूळ स्वर राहतो, वरचे उपस्वर आधी जातात. म्हणून जुनी तार सुरात असूनही भद्द वाजते. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही, तारेचं वजन जागोजागी बदलतं, आणि मग वरच्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, सूर हलतो.

कोटिंगचं काम म्हणजे ही फट वाचवणं. त्याचा एक मार्ग निघाला पावसाच्याच कपड्यातून. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटका देऊन ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि आतून सूक्ष्म छिद्रांची जाळी झाली. याच पदार्थापासून गोर-टेक्सचे रेनकोट निघाले आणि नव्वदच्या दशकात त्याच कंपनीने एलिक्सर तारा आणल्या. यात वेढे घालून तयार झालेल्या तारेवर वरून अख्खी खोळ चढवतात. फट झाकली जाते, मळ आत शिरतच नाही. यातला पॉलीवेब हा थर जाड, बोटाला गुळगुळीत आणि आवाजाला मऊ, तर नॅनोवेब त्याहून बराच पातळ.

दुसऱ्या मार्गात आधी वेढ्याची तार रंगवल्यासारखी लेपून घेतात आणि मग ती गाभ्यावर गुंडाळतात. धातू वाचतो, हाताला तार साध्या तारेसारखीच लागते, पण फटी उघड्या राहतात आणि मळ साचतोच. ज्याचा हात कोरडा आहे त्याला हे चालतं. ज्याच्या हाताला भरपूर घाम येतो त्याने खोळवाली घ्यावी, असं माझं मत.

कोटिंग फुकट मात्र मिळत नाही. प्लास्टिकची खोळसुद्धा वाकताना थोडी ऊर्जा खातेच, तीही वरच्या उपस्वरांतली. पहिल्या दिवशी साधी तार कोटेडपेक्षा उजळ वाजते. तो उजळपणा साध्या तारेत भरभर उतरतो, कोटेडमध्ये सावकाश. त्यामुळे कोणती चांगली यापेक्षा तुम्हाला ती किती दिवस हवी आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

आणि इथे आपला पाऊस मधे येतो. नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. हवा कोरडी, वाजवणं रात्र-रात्र आणि पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, मारा जबरदस्त. अशा वाजवण्यात खोळ पिकच्या जागी फाटते, पांढरे तंतू लोंबू लागतात आणि पैसे वाया जातात. तिथे साधं फॉस्फर ब्राँझ घ्यावं, वाजवून झालं की सुती फडक्याने पुसावं आणि गरजेप्रमाणे बदलावं. पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असते, गिटार पंधरा-पंधरा दिवस खुंटीवर असते, आणि तेव्हाच मिठाला पाणी सुटतं. कोटेड सेट तेव्हाचा. मृगाच्या आधी चढवला तर दसऱ्यापर्यंत निभतो, असा माझा अनुभव आहे.

घेताना पाकिटावर एक गोष्ट जरूर वाचावी: बारीक दोन तारांवरही संरक्षण आहे का? बऱ्याच सेटमध्ये कोटिंग फक्त जाड तारांना असतं. आपल्या हवेत आधी गंजतात त्या बारीक तारा, आणि सगळ्यात बारीक तार जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीवर दहा किलोंच्या आसपास ताण पेलत असते. सहा तारांचा मिळून पाऊण क्विंटलच्या आसपास. गंजाने पडलेल्या एका खड्ड्यापाशी हा ताण एकवटला की तार तिथेच तुटते.

भजनात एकतारीच्या तारेला तेलाचं बोट लावलेलं मी पाहिलंय. बारीक, नुसत्या पोलादी तारेला ते चालतंही, कारण तेलाने पाणी दूर राहतं. पण तेच खोबरेल गिटारच्या जाड तारांना लावलं तर ते वेढ्यांच्या फटींत उतरतं, धूळ धरून ठेवतं आणि नवा सेट एका दिवसात जुना करतं. त्या मुलाने हे करून पाहिलं होतं. म्हणूनच तो विचारायला आला होता.

त्याने दोन्ही सेट मागवले. कोटेड पाकीट कपाटात न फोडता ठेवलंय, त्यावर पेनने लिहिलंय: रोहिणी.