चित्रकार्डामुळे मूल बोलायचं थांबत नाही

"कार्ड हातात दिलंत तर पोरगं बोलायचंच नाही," हा सल्ला नाशिकमध्ये स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत कोणी ना कोणी देतंच. कार्ड म्हणजे हव्या वस्तूचं चित्र; ते समोरच्याला देऊन मूल ती वस्तू मागतं. हा सल्ला चुकीचा आहे. चित्रं, हातांच्या खुणा अशा बोलण्याला जोड देणाऱ्या साधनांवरच्या आधीच्या अभ्यासांचा 2006 साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यातल्या भरवशाच्या 27 नोंदींपैकी एकीतही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेक नोंदींत ते थोडंफार वाढलंच होतं.

मूल अडतं ते कार्डामुळे नाही, देण्याच्या पद्धतीमुळे. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर आवडीची वस्तू घेऊन बसतो, दुसरा मागे. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागच्याने तोच हात कार्डाकडे वळवून ते समोरच्याच्या तळहातावर ठेवून घ्यायचं. समोरच्याने लगेच "द्राक्ष!" म्हणत वस्तू द्यायची. (द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून द्या; अख्खं घशात अडकू शकतं.) मागच्याने तोंड मिटून बसायचं, आणि हाताची मदत हळूहळू कमी करायची.

"काय पाहिजे?" विचारू नका. मग मूल प्रश्नाचीच वाट बघतं. जेवण झाल्यावर खाऊ दाखवला तर ते कार्डाकडे बघणारही नाही. वाटीभर एकदम दिलंत तर पुन्हा मागायचं कशाला?

कार्ड साधारण 5 सेंटिमीटरचं, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केलेलं, मागे वेल्क्रो. ते कपाटात नको, मुलाच्या हाताशी हवं. आणि मूल बोलत नसेल तर कानांची तपासणी आधी.