पवनचक्कीचे पाते आणि वीजनिर्मिती

वाऱ्यातील गतिज ऊर्जा पकडून ती आसाच्या फिरण्यात उतरवणारा पवनचक्कीचा अवयव म्हणजे पाते. पात्याने वाऱ्याकडून जेवढे घेतले त्याहून जास्त काही जनित्राच्या वाट्याला येत नाही. म्हणून पात्याची लांबी, आडव्या छेदाचा आकार, पीळ आणि पृष्ठभाग यांवर विजेचे उत्पादन मोठ्या प्रमाणात ठरते.

वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. वेग आपल्या हाती नसतो, पण पात्यांनी व्यापलेले क्षेत्र आपल्या हाती असते आणि ते लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० मीटरऐवजी ५० मीटर लांबीची पाती बसवली, तर हे क्षेत्र सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. वाऱ्यातली सगळी ऊर्जा मात्र काढून घेता येत नाही, कारण तसे झाल्यास चक्कीमागची हवा थबकेल आणि नव्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा ५९.३ टक्के आहे.

नाशिक विभागात धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कवड्या डोंगर येथे पवनचक्क्या आहेत. या पठारी भागात जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेचा वारा जोरात वाहतो आणि एरवी तो बराच मंदावतो. शिवाय उंचीवर आणि उष्णतेत हवा विरळ होते : समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२२५ किलो असते, तर सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला ३० अंशांत ते साधारण १.०८ किलो भरते. तोच वारा येथे सुमारे बारा टक्के कमी शक्ती देतो. अशा ठिकाणी जनित्र मोठे करण्यापेक्षा आहे त्याच जनित्राला लांब पाती जोडणे अधिक उपयोगी ठरते, कारण वर्षातले बहुतेक तास मंद वाऱ्याचे असतात.

पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो आणि वाऱ्याशी होणाऱ्या त्याच्या कोनावर सारे अवलंबून असते. येवल्यात संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांना हे हातानेच कळते : कन्नी योग्य बांधली तर पतंग ताठ चढतो, कोन जास्त झाला की तो ओढ घेतो आणि डगमगतो. पात्याच्या बाबतीतही कोन साधारण पंधरा अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि उचलणारे बल कोसळते. त्यात अडचण अशी की पात्याचे टोक सेकंदाला ८० मीटर वेगाने धावत असताना बुंधा संथ फिरत असतो, त्यामुळे प्रत्येक बिंदूला वारा वेगळ्या दिशेने येतो. म्हणून पात्याला बुंध्यापासून टोकापर्यंत पीळ दिलेला असतो. बुंधा वाऱ्याकडे अधिक वळलेला असतो, तर टोक फिरण्याच्या प्रतलात जवळजवळ सपाट असते. वारा फार वाढला की संपूर्ण पाते स्वतःच्या आसाभोवती वळवून जादा शक्ती सोडून देतात आणि सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाला चक्की थांबवतात.

लांबी वाढवण्याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण वजन लांबीपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढते. काचतंतू, राळ, आत बाल्सा लाकूड आणि लांब पात्यांत कार्बनतंतूंच्या पट्ट्या अशी रचना त्यासाठीच करतात.

पृष्ठभागाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. टोकाचा वेग ताशी २८८ किलोमीटर असताना पावसाचा थेंब पुढच्या कडेवर खड्यासारखा आदळतो. रंग उडतो, मग खड्डे पडतात, आणि बोट फिरवले तर घासकागदासारखी लागणारी ही कड उचल घटवते, ओढ म्हणजे पात्याला मागे खेचणारा हवेचा विरोध वाढवते. उन्हाळ्यातली धूळ आणि कडेला चिकटलेले कीटकही असेच नुकसान करतात. आपल्याकडे सर्वाधिक वीज देणारे महिने तेच पावसाचेही असल्यामुळे कडेवरचे संरक्षक लेपन आणि पट्टी मे महिना संपण्यापूर्वी तपासून दुरुस्त करावी लागते.