आंतरगट संवाद

आंतरगट संवाद, म्हणजे इंग्रजीत ज्याला इंटरग्रुप डायलॉग म्हणतात ती विद्यापीठातली पद्धत. ज्या दोन गटांमधे जुना ताण आहे (गोरे आणि कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि पुरुष, असे) त्यांतले साधारण सारख्याच संख्येने विद्यार्थी सेमिस्टरभर दर आठवड्याला समोरासमोर बसतात आणि ठरलेल्या टप्प्यांनी बोलतात. हा रीतसर क्रेडिटचा कोर्स असतो. आजचं त्याचं रूप अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात १९८८ च्या सुमारास ठरलं असं बहुतेक अभ्यासक धरतात.

त्याआधीचं मूळ कुठलं यावर मात्र एकमत नाही. मानसशास्त्रवाले गॉर्डन ऑलपोर्टकडे बोट दाखवतात. त्याने १९५४ मधे मांडलं की नुसतं एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत, त्यासाठी बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा अशा चार गोष्टी लागतात. शिक्षणशास्त्रवाले ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे याचं नाव घेतात, काही जण त्याही मागे जाऊन रेचेल डेव्हिस ड्युबॉइस या शिक्षिकेने शाळांमधे केलेल्या आंतरसांस्कृतिक प्रयोगांपर्यंत पोचतात, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तर सगळ्यांच्याच यादीत असतो. मराठी वाचकाला ड्यूई परका नाही, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात तो डॉ. आंबेडकरांचा शिक्षक होता. समाजातल्या गटांमधे मोकळी देवाणघेवाण असावी या अर्थाने ड्यूईने वापरलेला ‘एंडॉसमॉसिस’ (पातळ पडद्यातून द्रव आत झिरपणं) हा जीवशास्त्रातला शब्द आंबेडकरांनी १९१९ च्या, मताधिकारावरच्या साउथबरो समितीपुढच्या निवेदनात घेतला आणि १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात पुन्हा आणला. म्हणून आंतरगट संवाद आंबेडकरांपासून निघाला असं म्हणणं ओढूनताणून होईल, पण दोघांचं पाणी एकाच विहिरीतलं आहे एवढं म्हणता येतं.

तरी ही सगळी वंशावळ बरीचशी मागाहून जोडलेली वाटते. मिशिगनमधे प्रत्यक्षात घडलं ते असं, की १९८७ च्या सुरुवातीला एका होस्टेलमधे कृष्णवर्णीयांच्या ‘शिकारीचा सीझन’ सुरू झाला अशा आशयाचं पत्रक सापडलं, पाठोपाठ कॅम्पसच्या रेडिओवर वर्णद्वेषी जोक ऐकवले गेले, आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. ब्लॅक ॲक्शन मूव्हमेंट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीचा हा तिसरा अवतार. पहिल्या अवताराने १९७० मधे संप करून १० टक्के कृष्णवर्णीय प्रवेशाचं आश्वासन मिळवलं होतं, तो आकडा काही गाठला गेला नव्हता. मग १९८८ मधे त्याच कॅम्पसवर दोन गोष्टी झाल्या: एक म्हणजे अपमानकारक बोलण्यावर शिक्षेची नियमावली आली आणि दुसरं म्हणजे संवादाचा कार्यक्रम. नियमावलीविरुद्ध मानसशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी नाव न सांगता कोर्टात गेला, लिंगभेदाच्या जैविक सिद्धांतांवर वर्गात बोललो तर आपल्यावरच कारवाई होईल अशी त्याची भीती होती, आणि १९८९ मधे फेडरल कोर्टाने ती नियमावली रद्द केली. संवाद टिकला. तेव्हा पुस्तकांपेक्षा आंदोलनाने दिलेला धक्काच खरं कारण, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

गटात बारा-सोळाच्या आसपास विद्यार्थी आणि दोन फॅसिलिटेटर, म्हणजे संवाद चालवणारे, दोन्ही बाजूंचा एकेक. मिशिगनमधे हे फॅसिलिटेटरही पदवीचेच विद्यार्थी असतात, आधी एक सेमिस्टर ट्रेनिंग घेतलेले, दुसरीकडे बऱ्याचदा स्टाफ असतो. चार टप्पे म्हणजे आधी ओळख आणि बोलण्याचे नियम, मग आपापल्या ओळखीतलं साम्य आणि फरक, मग तापलेले विषय, शेवटी पुढे काय करायचं ते. त्यातला फिशबाऊल हा प्रकार बघण्यासारखा: एक गट मधे गोल करून बसतो आणि आपसात बोलतो, दुसरा बाहेरच्या गोलात, त्याने फक्त ऐकायचं, मधे ‘पण’ सुद्धा म्हणायचं नाही. नंतर जागा बदलतात. हे झाल्यावर आधी काय ऐकलं ते सांगायचं, उत्तर मागाहून. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा बाहेर बसणाऱ्याला ते गप्प राहणं फार जड जातं.

उपयोग होतो का, यावरचा मोठा अभ्यास पट्रिशिया गुरिन, रत्नेश नागडा आणि हिमेना सुनिगा यांचा, २०१३ मधे पुस्तकरूपाने आलेला. नऊ विद्यापीठं, वंश आणि लिंग या विषयांवरचे ५२ प्रयोग, आणि अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण संवादात, काही तुलनेच्या गटात. संवादात बसलेल्यांना विषमतेमागची व्यवस्था जास्त कळली, समोरच्याबद्दलची जाणीव वाढली, आणि वर्षभराने विचारलं तरी परिणाम दिसत होता. अर्थात अर्ज करणारे मुळात तयार मनाचेच, हा आक्षेप उरतोच. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, की अल्पसंख्य विद्यार्थ्याला दर वेळी स्वतःची जखम उघडून बाकीच्यांना शिकवावं लागतं. प्रिन्स्टनमधे १९९९ ला सुरू झालेला ‘सस्टेन्ड डायलॉग’ हा वेगळा प्रवाह, तो हॅरल्ड सॉन्डर्स या मुत्सद्द्याच्या शांतता-वाटाघाटींच्या अनुभवातून आला, त्याची गल्लत इथे करू नये.

जात हा विषय अमेरिकन कॅम्पसवर मुख्यतः नियमाच्या वाटेने आला. भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मधे केला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मधे. भारतातही तसंच. दिल्लीच्या एम्सबद्दल सुखदेव थोरात समितीचा २००७ चा अहवाल होस्टेल आणि मेसमधल्या वेगळेपणाबद्दल बोलतो, यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी आणले. दोन्ही गटांनी आठवड्याला एकत्र बसायची तरतूद त्यात नाही, कामाचा रोख तक्रारीवर आहे.