'राँग' : वाकडेपणापासून गुन्ह्यापर्यंत

बेरीज चुकली, पत्ता चुकला, वागणे अनुचित ठरले किंवा कायदा मोडला गेला, तरी इंग्रजीत 'राँग' हे एकच विशेषण चालते. शिकणारा बहुधा 'चूक' या अर्थापाशीच थांबतो. शब्दाचा पसारा मात्र त्याच्या इतिहासाकडे पाहिल्यावरच उलगडतो.

9 व्या शतकापासून स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती करून राहिले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतला 'वाकडा' या अर्थाचा शब्द हळूहळू इंग्रजीत रुजला. पिळणे या अर्थाचे 'रिंग' हे क्रियापद त्याच कुळातले आहे. दोहोंच्या स्पेलिंगमधला आरंभीचा 'डब्ल्यू' पूर्वी उच्चारलाही जात असे. 14 व्या शतकाच्या अखेरीस झालेल्या विक्लिफ बायबलात, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, लेवीय या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात, नाकाला 'राँग' म्हटले आहे, म्हणजे तोवर हा शब्द केवळ आकारही सांगत होता. उलट 'राइट'चे मूळ सरळपणात आहे आणि संस्कृत 'ऋजु' त्याच धातूशी जोडला जातो. मराठीतही पाऊल वाकडेच पडते, त्यामुळे हा अर्थविस्तार आपल्याला परका वाटू नये.

वापरात एक बारकावा हमखास निसटतो. चुकीच्या बस अनेक असू शकतात, तरीही इंग्रजी माणूस सहसा 'अ राँग बस' म्हणत नाही, 'द राँग बस' म्हणतो, कारण तेथे योग्य आणि अयोग्य अशा दोनच बाजू गृहीत धरलेल्या असतात. क्रियापदानंतर 'राँग' हेच रूप क्रियाविशेषण म्हणूनही चालते, आणि त्याला अशुद्ध ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थांच्या या सरमिसळीचा सर्वांत गंभीर परिणाम न्यायालयात दिसला. 1843 मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली आणि वेडाच्या कारणावरून तो निर्दोष सुटला. त्यानंतर न्यायाधीशांनी घालून दिलेल्या नियमांत, आपण करतो ते 'राँग' आहे हे आरोपीला कळत होते का, असा प्रश्न आला. पण ते नीतीने की कायद्याने, हे स्पष्ट झाले नाही. 1952 च्या विंडल खटल्यात पत्नीला 100 अॅस्पिरिन देऊन मारणारा आरोपी, यासाठी आपल्याला फाशी देतील, असे पोलिसांना म्हणाला होता. कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे त्याला ठाऊक होते, आणि येथे 'राँग' म्हणजे बेकायदा एवढेच, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने स्टेपलटन खटल्यात हा अर्थ नाकारून सामान्य माणसाच्या नैतिक कसोटीला मान्यता दिली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मात्र 2007 मध्येही विंडलमधला अर्थच कायम धरला.