कीचक मेला, कायदा उरला

फेब्रुवारी १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगमंचावर आणलं. विराटाच्या घरी सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, अज्ञातवासाची अट मोडायला धजत नसलेला युधिष्ठिर आणि हात शिवशिवत असलेला भीम. गोष्ट प्रेक्षकांना लहानपणापासून पाठ. पण नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी, आणि वंगभंगाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. कीचक म्हणजे बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मूळ कथेत पात्रंच वेषांतर करून वावरतात. खाडिलकरांनी त्यावर आणखी एक वेष चढवला.

आडून बोलायची ही गरज तीस वर्षं आधी बंगालमध्ये निर्माण झाली होती. निळीच्या मळेवाल्यांचे अत्याचार दाखवणाऱ्या दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’चा प्रयोग १८७२ मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरने तिकीट लावून केला. पुढे प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या जनानखान्यात नेणाऱ्या एका वकिलाची रंगभूमीवर टिंगल झाली. सरकारला एवढं निमित्त पुरलं. आधी वटहुकूम आणि मग १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती पसरवणारा किंवा नीतिभ्रष्ट करणारा प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला. छापील पुस्तकापेक्षा सरकारला प्रयोगाची धास्ती जास्त होती, आणि ती खोटी नव्हती. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते, नाटकाला लागत नाही.

मराठी नाटकाकडे मात्र पौराणिक कथांचा साठा पहिल्यापासून होता. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा त्यात राजकारण शोधूनही सापडलं नसतं. कानडी भागवत मंडळींचा खेळ पाहून तसंच काही मराठीत करावं, एवढाच हेतू होता. पुढे कायदा आला आणि हाच साठा ढालीसारखा कामी आला. महाभारतावर बंदी कशी घालणार? १८५७ नंतर रयतेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं राणीच्या जाहीरनाम्याने कबूल केलेलं होतं.

तरीही बंदी आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्री तिथे देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. नाटक जरठकुमारी विवाहावरचं, सरकारला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, ‘कीचकवध’ बंद झालं. त्याच वर्षी आलेल्या ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्या प्रयोगाचं वर्णन आहे. कीचकाची कृत्यं बघताना आक्रसलेले पुरुषांचे चेहरे, द्रौपदीच्या विनवण्या ऐकताना पाणावलेले बायकांचे डोळे आणि कीचक मरताच प्रेक्षागृहातून उठलेला समाधानाचा हुंकार, सगळं त्यात आलं आहे. मराठी नाटकाला इतकं बारकाईने पाहणारा समीक्षक त्या काळी दुसरा क्वचितच मिळाला असेल. याच पुस्तकावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले.

बंदीने पुराणाचा उपयोग थांबला नाही, उलट तो पडद्यावर गेला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याआधी पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या मनात आपले राम-कृष्ण तिथे कधी दिसतील हा विचार आला होता, आणि हे काम त्यांच्या लेखी स्वदेशीचंच होतं. तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. बायका मिळेनात म्हणून हा मार्ग, पण रंगभूमीची सवय असलेल्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग सेन्सॉर आले, आणि लपाछपी नव्याने सुरू झाली. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मध्ये द्वारकादास संपत यांचा विदुर खादी आणि टोपी घालून गांधीजींसारखा दिसला, मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. १९३० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या शिवाजी महाराजांवरच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला नाव बदलून ‘उदयकाल’ व्हावं लागलं. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’चं ‘धर्मात्मा’ झालं. बालगंधर्व एकनाथ झालेले, तरी नावात गांधी ऐकू आले.

उघडपणे देशासाठी रंगभूमी उभी राहिल्याचा प्रसंग म्हणजे ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र उभे राहिले. मंडळी आजही त्या रात्रीच्या गाण्याबद्दलच बोलतात, फंडाबद्दल कमी.

या सगळ्या कथेत एक जागा रिकामी राहते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा, त्यांना ग्रहदशेच्या नावाने नागवणारा जोशी, मधूनमधून टोमणे मारणारा विदूषक, आणि अखेरीस नवरा-बायको शिकायला निघतात. कमिटीने ते नाकारलं. छापलं गेलं ते थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. द्रौपदीच्या विटंबनेत अवघा हिंदुस्थान दिसला, कुणबिणीच्या लुबाडणुकीत दिसला नाही. वेष पुराणातलाच निवडल्यामुळे त्या राष्ट्रात कोण राजा, कोण ऋषी, कोण दासी हेही पुराणानेच ठरवलं. उरलेल्यांनी आपला मंच वेगळा उभारला. आधी सत्यशोधक जलसे, नंतर आंबेडकरी जलसे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांनी आणि छकडीने जे केलं, ते एखाद्या देखण्या पौराणिक नाटकाच्या आवाक्यातलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर वेष उतरवायची मुभा होती, पण पुराण ओसरलं नाही. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ देशभर थांबायला लागली. १९९१ च्या निवडणुकीत त्यातली सीता, दीपिका चिखलिया, बडोद्यातून आणि रावण, अरविंद त्रिवेदी, साबरकांठातून लोकसभेत गेले. खाडिलकरांना पुराणातून राजकारणाकडे नेणारी वाट चोरून काढावी लागली होती. इथे ती सरळ मतपेटीपर्यंत गेली.

१८७६ चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१८ मध्ये. त्याच्या खूप आधी, १९७२ मध्ये, तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर महाराष्ट्रात बंदी आली होती. नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण ती बंदी त्या जुन्या इंग्रजी कायद्याची नव्हती. ती आली होती राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, आणि ते मंडळ स्वातंत्र्यानंतरचं आहे.