अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन : रिपोर्टातल्या दोन ओळी, शेंगदाण्यातली दोन प्रोटीनं

एलएफटीचा, म्हणजे लिव्हरच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की लोक आधी बिलिरुबिन बघतात, मग एसजीपीटी, आणि टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, ए/जी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) ह्या खालच्या ओळींपर्यंत पोचेस्तोवर कागदाची घडी झालेली असते. मी लॅबमधला माणूस, सोलापुरात रोज हेच रिपोर्ट काढतो. काउंटरवर ह्या ओळींबद्दल कुणी विचारलंच तर प्रश्न ठरलेला, "साहेब, आईचं प्रोटीन कमी आलंय म्हणतात, अंडी चालू करू का शेंगा?" काळजी खरी असते, पण कुठलं प्रोटीन कमी आलंय हे आधी बघायला पाहिजे ना.

समजा दोन रिपोर्ट आहेत, दोघांचंही टोटल ७.२. टोटल साधारण ६ ते ८ ग्रॅम दर डेसिलिटरला चालतं, म्हणजे दोघंही पास. आता खाली बघा. पहिल्याचं अल्ब्युमिन ४.४, ग्लोब्युलिन २.८, रेशो दीडच्या वर, मजेत आहे गडी. दुसऱ्याचं अल्ब्युमिन २.९, ग्लोब्युलिन ४.३, रेशो ०.६७. ह्याचं लिव्हर बिघडलेलं असू शकतं, कुठंतरी जुनं इन्फेक्शन असू शकतं, टीबी असू शकतो, आणि हा टोटल नॉर्मल आहे म्हणून खुशीत घरी जातो. एक घसरलं आणि दुसरं चढलं की बेरीज जाग्यावरच राहते, म्हणून नुसत्या टोटलवर मी तरी कधीच विश्वास ठेवत नाही.

आणि ग्लोब्युलिन आम्ही मोजतच नाही, हे ऐकून लोक दचकतात. सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळ्या पाण्यात, बाययुरेटचं निळं रिएजंट घातलं की जेवढं प्रोटीन तेवढा जांभळा रंग चढतो, ते झालं टोटल. दुसऱ्या ट्यूबमध्ये ब्रोमोक्रेसॉल ग्रीन, ते पिवळसर असतं आणि अल्ब्युमिन भेटलं की हिरवं होतं. मशीन दोन्ही रंग वाचतं, टोटलमधून अल्ब्युमिन वजा करतं आणि उरलं ते ग्लोब्युलिन म्हणून छापतं. हा हिरवा रंग थोडा लबाडही आहे बरं का, जास्त वेळ ठेवला की काही ग्लोब्युलिनांनाही चिकटतो आणि अल्ब्युमिन आहे त्यापेक्षा जरा बरं दाखवतो, म्हणून रीडिंग लगेच घ्यायचं असतं. तर मुद्दा हा की अल्ब्युमिन हे एकच प्रोटीन आहे, ५८५ अमिनो ॲसिडची एक साखळी, आणि ग्लोब्युलिन म्हणजे उरलेली सगळी गर्दी.

अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, रोज साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि रक्तात आलेल्यातलं निम्मं संपायला २० दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून काल काय खाल्लं ते आजच्या आकड्यात दिसत नाही. रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवायचं मोठं काम त्याच्याकडे, ते फार कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं, पायाला सूज येते, पोटात पाणी होतं. दुसरं काम मार्केट यार्डातल्या हमालासारखं, बिलिरुबिन, फॅटी ॲसिड, कॅल्शियम, बरीचशी औषधं पाठीवर घ्यायची आणि पोचवायची. अल्ब्युमिन खाली असलं की टोटल कॅल्शियमपण खाली दिसतं ते ह्यामुळंच.

ग्लोब्युलिनच्या गर्दीला शिस्त लावली ती स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी. १९३७ मध्ये त्यांनी सिरमवर विजेचा दाब लावला, तर अल्ब्युमिन सगळ्यात पुढं पळालं आणि मागं ग्लोब्युलिनचे तीन घोळके पडले, अल्फा, बीटा, गॅमा. १९४८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं. अल्फा-बीटामधली बहुतेक मंडळी लिव्हरच बनवतं, लोह वाहणारं ट्रान्सफेरिन त्यातलंच. पण गॅमामध्ये मुख्य भरणा अँटिबॉडींचा, आणि त्या लिव्हरमध्ये बनत नाहीत, प्लाझ्मा पेशी नावाच्या वेगळ्या पेशी बनवतात. म्हणून सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर निबर होऊन खराब झालं की, अल्ब्युमिन पडतं आणि ग्लोब्युलिन उलट चढतं, कारण आतड्याकडून आलेला जंतूंचा कचरा लिव्हर नीट गाळत नाही, तो तसाच पुढं जातो आणि अँटिबॉडीवाल्या पेशी कामाला लागतात. किडनीच्या नेफ्रॉटिक आजारात वेगळंच, लिव्हर बिचारं बनवतंय पण अल्ब्युमिन लघवीतून चाललंय, लघवीला फेस येतो. आकडा दोन्हीकडं २.५ असू शकतो, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

माझ्या मते लोक अल्ब्युमिनला फार भाव देतात आणि ग्लोब्युलिनची ओळ उगाच सोडून देतात. वयस्कर माणूस, कंबर-पाठ दुखतेय, एचबी कमी, आणि ग्लोब्युलिन ६ च्या घरात, अशा वेळी "प्रोटीन भरपूर आहे की तुमचं" म्हणायचं नसतं. एकाच साच्यातली अँटिबॉडी भसाभस बनत असेल तर तो मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, असू शकतो, तिथं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे टिसेलियस यांच्यासारखी विजेवर प्रोटीनं वेगळी करायची तपासणी, सांगतात आणि पट्टीवर गॅमाच्या जागी एक टोकदार सुळका उभा दिसतो. इन्फेक्शनमध्ये तोच भाग रुंद, पसरट येतो.

आणि आपल्या गावचा एक खास घोळ. मे महिन्यात दिवसभर यंत्रमागाच्या शेडमध्ये उभा राहून, धड पाणी न पिता आलेल्या माणसाचं अल्ब्युमिन ५.२ येतं, ग्लोब्युलिनपण वर सरकतं. प्रोटीन वाढलेलं नाही हो, पाणी आटलंय. दंडाला पट्टा बांधून शीर शोधत बसलं तरी थोडं असंच होतं.

आता ही दोन नावं ठरली कशावरून? विरघळण्यावरून. जुनी व्याख्या अशी की साध्या पाण्यात विरघळतं ते अल्ब्युमिन, आणि ज्याला विरघळायला पाण्यात थोडं मीठ लागतं ते ग्लोब्युलिन. घरी बघता येतं. अंड्याचा पांढरा बलक काचेच्या ग्लासात घ्या, त्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चांगलं पाच-सहा पट घाला आणि हळू ढवळा. पाणी गढूळ होतं, पांढरे तंतू तरंगायला लागतात, ते ग्लोब्युलिन आणि त्याच्या जोडीची प्रोटीनं, पाणी फार बेचव झालं की ह्यांचं जमत नाही. त्यात चिमूट-चिमूट मीठ टाकून ढवळा, गढूळपणा बराच निवळतो. ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे पांढऱ्या बलकातलं मुख्य प्रोटीन, ह्या सगळ्यात आरामात विरघळलेलंच असतं. बोअरच्या पाण्यावर करू नका, आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच एवढे क्षार असतात की काही दिसायचं नाही. (आणि ते पाणी नंतर बेसिनमध्ये ओता, पिऊ नका.)

हीच युक्ती अमेरिकेत कनेक्टिकटच्या शेती संशोधन केंद्रात थॉमस ऑस्बोर्न यांनी बियांवर वापरली, १८८८ च्या सुमारास सुरुवात केली आणि आयुष्यभर तेच करत राहिले. बी दळायचं, आधी पाणी, मग मिठाचं पाणी, मग अल्कोहोल, मग अल्कली, कशात काय उतरतं ते बघायचं. त्यातून वनस्पतींच्या प्रोटीनचे चार गट झाले, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, अल्कोहोलमध्ये उतरणारं प्रोलामिन आणि अल्कलीत उतरणारं ग्लुटेलिन. आजही धान्याच्या प्रोटीनवर काम करणारा ह्याच पायऱ्यांनी जातो.

सोलापूरकराला ह्यात रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे शेंगाचटणी. शेंगदाण्यातलं बहुतेक प्रोटीन ग्लोब्युलिन, अरॅकिन आणि कोनअरॅकिन, रोपाला उगवताना लागणारा साठा. अल्ब्युमिन त्यामानानं थोडं, पण ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते त्यांना जास्त त्रास देतात ती ह्या अल्ब्युमिन गटातलीच दोन छोटी, हट्टी प्रोटीनं, पोटातही सहज न पचणारी. इथं नीट लक्ष द्या, शेंगदाण्यातलं ग्लोब्युलिन आणि तुमच्या रिपोर्टातलं ग्लोब्युलिन ह्यांचा नात्यागोत्याचा संबंध नाही, फक्त मिठाच्या पाण्यात वागणं सारखं. चटणी खाल्ली म्हणून ग्लोब्युलिन वाढत नाही आणि अंडं खाल्लं म्हणून त्यातलं अल्ब्युमिन उचलून रक्तात जात नाही. दोन्ही पोटात तुटतात, अमिनो ॲसिड होतात, आणि मग शरीर त्यातून स्वतःचं बनवतं. ज्वारीची भाकरी तर ह्या दोघांतही नाही, तिच्यातलं मुख्य प्रोटीन काफिरिन, म्हणजे प्रोलामिन, त्यात लायसिन फार कमी. लायसिन आणि ट्रिप्टोफॅनशिवाय काय होतं ते ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१४ मध्ये उंदरांवर दाखवलं. मक्याच्या झेइनवर ठेवलेली पिल्लं वाढेनात, हे दोन अमिनो ॲसिड घातले की वाढायला लागली. कडक भाकरीबरोबर तुरीचं वरण असतं ते बरंच आहे, डाळीत लायसिन भरपूर.

मग खाण्याचा काही संबंधच नाही का? आहे, पण उलटा हिशोब होत नाही. प्रोटीन कमी खाऊन काही मुलांमध्ये अल्ब्युमिन पडतं, सूज येते, हे खरं. पण हाडाचा सापळा झालेल्या माणसाचंही अल्ब्युमिन नॉर्मल येऊ शकतं, आणि चांगल्या खात्यापित्या माणसाचं न्यूमोनियात आठवड्याभरात घसरतं, कारण सूज-इन्फेक्शनच्या काळात अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि लिव्हरही ते बाजूला ठेवून दुसरी प्रोटीनं बनवतं. म्हणून काउंटरवर मी अंडी-शेंगांचं उत्तर देत नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणतो.

आता हॉस्पिटलमधली "प्रोटीनची बाटली". ती जेवण नव्हे. हार्वर्डच्या एडविन कोन यांची ही पद्धत, आणि हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात पावाच्या कणकेवर काम करत होता, नंतर मक्याच्या झेइनवर, आणि दुसऱ्या महायुद्धात माणसाच्या रक्तावर. मूळ विचार तोच, कशात काय विरघळतं. गोठणबिंदूच्या खालची थंडी, थोडंथोडं अल्कोहोल, पीएच बदलत जायचं, की प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या पाण्यातून, एकेक थर खाली बसतो. दुसऱ्या थरात गॅमा ग्लोब्युलिन, पाचव्यात अल्ब्युमिन. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या भाजलेल्या सैनिकांना हे अल्ब्युमिन दिलं गेलं. आजची २० टक्क्यांची १०० मिलीची बाटली म्हणजे २० ग्रॅम अल्ब्युमिन. पोटातलं भरपूर पाणी काढल्यावर वगैरे ती खरंच कामाची, पण अशक्तपणा आहे म्हणून एक लावून टाका हा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, पैसेही लई जातात.

त्याच प्लाझ्मातलं दुसरं भावंड, इम्युनोग्लोब्युलिन, ते कुत्रा चावल्यावर आठवतं. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर नुसती रेबीजची लस पुरत नाही, कारण स्वतःच्या अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, तोवर तयार अँटिबॉडी जखमेत आणि जखमेभोवती भरतात. पहिल्या लसीच्या दिवशीच घेतलेलं बरं, राहून गेलं तर सात दिवसांच्या आत, त्यानंतर देत नाहीत कारण तोवर लसीनं अंगात स्वतःच्या तयार व्हायला लागलेल्या असतात.