एसएटीचा स्कोअर आणि प्लेसमेंटचा स्कोअर

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश पक्का झाला, एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेत गणितात 800 पैकी 740 आहेत, आणि तरी मेल येतो: विषय निवडण्याआधी गणिताची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पायरीवरच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी चाचणी, द्या. घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "एकदा परीक्षा झाली ना? मग परत कशाला?" गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत गणितच असतं, दोन्ही कॉम्प्युटरवर होतात आणि दोन्हींत आधीची उत्तरं बघून पुढची काठिण्यपातळी ठरते.

एसएटी निवडीसाठी आहे. तिच्या गणितात 70 मिनिटांत 44 प्रश्न, 22-22चे दोन भाग, स्कोअर 200 ते 800. हा आकडा इतर अर्जदारांच्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचायचा असतो. प्लेसमेंटमध्ये शेजारी कोणी नसतं. प्रवेश झालेलाच आहे. कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस की थेट कॅल्क्युलस वन, एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी अनेक विद्यापीठं अ‍ॅलेक्स ही चाचणी वापरतात. ती ज्या सिद्धांतावर उभी आहे, तो जाँ-पॉल द्वान्याँ आणि जाँ-क्लोद फाल्मान्य यांनी 1985मध्ये मांडला. अमुक प्रकारचं गणित सोडवता येतं, म्हणजे त्याच्या पायातली तमुक गणितंही येत असणार, असा अंदाज बांधत चाचणी पुढे सरकते. म्हणून फार तर 30 प्रश्नांत तिचं काम भागतं. शेवटी 0 ते 100मधला जो आकडा येतो, तो यादीतले किती टक्के घटक पक्के आहेत ते सांगतो. त्यात 60 म्हणजे 'फर्स्ट क्लास' नव्हे.

फरक एका उदाहरणात बघा. (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करा आणि उत्तराला ह ने भागा. पर्याय दिलेले असतील तर हुशार मुलगी क्ष = 1, ह = 1 धरते, उत्तर 3 येतं, आणि ज्या पर्यायातून 3 निघतात त्यावर टिचकी मारते. परीक्षेच्या दृष्टीनं यात गैर काहीच नाही. एसएटीत साधारण चारातले तीन प्रश्न पर्यायांचेच असतात. अ‍ॅलेक्समध्ये बहुतेक ठिकाणी रिकामी चौकट असते. तिथे 2क्ष + ह स्वतः लिहावं लागतं. आणि हीच राशी कॅल्क्युलसमध्ये डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येत जशीच्या तशी समोर येते. तिथे कंस सोडवता आला नाही, तर पुढचं व्याख्यान डोक्यावरून जातं.

शिवाय अभ्यासक्रमही एक नाही. सध्याच्या एसएटीत लॉगॅरिदम नाही. अ‍ॅलेक्समध्ये आहे आणि कॅल्क्युलसमध्ये तर पावलोपावली आहे. म्हणजे 740चा आकडा लॉगबद्दल अवाक्षर काढत नाही. (काही विद्यापीठं एसएटीचा चांगला स्कोअर प्लेसमेंटसाठी चालवून घेतात, पण ते आपल्या विद्यापीठाच्या पानावर वाचून खात्री करावी.)

वागण्याची रीतही उलटी. एसएटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून येत नसलं तरी ठोकून द्यायचं. अ‍ॅलेक्समध्ये 'आय डोन्ट नो' असं बटण असतं, आणि ते खुशाल दाबायचं असतं. आपल्या मुलांना हे जड जातं. घरी बसून द्यायची चाचणी असेल, तर दादाची मदत घेण्याचा मोहही होतो. डोळे तपासताना तक्ता पाठ करून म्हणावा, तसलाच हा प्रकार. चष्मा चुकीचा मिळतो आणि तो आपल्यालाच घालायचा असतो.

पण याचा अर्थ रात्री अकरा वाजता जेटलॅगमध्ये चाचणी उरकावी असाही नाही. एक पायरी खाली बसलात तर एका सेमिस्टरचा वेळ आणि त्या कोर्सची फी जाते. इंजिनिअरिंगमध्ये तर फिजिक्सचा पहिला कोर्सही बहुधा कॅल्क्युलसवर टांगलेला असतो, त्यामुळे तोही मागे सरकतो. खाली बसणं 'सेफ' असतं, हा समज मला तरी पटत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर अ‍ॅलेक्स कच्च्या घटकांचा सराव उघडून देतं आणि चाचणी पुन्हा देता येते. किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतरानं, ते विद्यापीठ ठरवतं. हा सराव बरीच मुलं उघडूनही बघत नाहीत, आणि खरा फायदा तिथेच आहे.

एकट्या चाचणीवर किती भिस्त ठेवावी, यावर अमेरिकेतही वाद आहे. कॅलिफोर्नियानं 2017मध्ये एबी 705 हा कायदा केला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांना (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना) आता विद्यार्थ्याचे शाळेतले विषय आणि ग्रेड विचारात घ्यावे लागतात; नुसत्या चाचणीवर बोट ठेवून त्याला रेमेडियल, म्हणजे शाळेचंच गणित पुन्हा शिकवणाऱ्या, वर्गात ढकलता येत नाही.

स्कोअर कटऑफच्या अगदी काठावर आला, तर अकॅडमिक अ‍ॅडव्हायझरला शाळेचा गणिताचा अभ्यासक्रम दाखवून विचारावं. वर्ग सुरू झाल्यावरही अ‍ॅड-ड्रॉपची मुदत संपेपर्यंत कोर्स बदलता येतो. मात्र तोवर सोयीच्या वेळांच्या तुकड्या भरलेल्या असतात.